सगळ्यांनी तीनदा म्हणा

गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो, तसा आमच्या इंग्रजीच्या सरांचा जीव उभयान्वयी अव्ययांत होता. क्रियापदाची मान मुरगळली तरी ते सोडून देत. एकाचे अनेक झाले, बाईचा पुरुष झाला, तरी हसून "चलता है" म्हणत. पण दोन वाक्यांमधला सांधा चुकला की त्यांच्या घशातून असा आवाज निघायचा, जणू कुणी त्यांच्या पायावर गरम इस्त्रीच ठेवली. "अँड, बट, बिकॉज, ऑल्दो, अनलेस," असं म्हणत ते एकेक बोट मिटत आणि मूठ आमच्यापुढे नाचवत. "ही पाच ज्याच्या मुठीत, इंग्रजी त्याच्या खिशात!" आम्ही त्यांचं नाव जोडसर ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं, ही खरी पंचाईत.

माझं म्हणाल तर मी कपडे लहानमोठे करून देते. नवे शिवत नाही. लोक सुटतात, वाळतात, मी शिवण उसवते आणि पुन्हा घालते. या वयात इंग्रजी शिकायची अवदसा मला आठवली ती सूनबाईमुळे. ती आणि माझा मुलगा माझ्याविषयी बोलायचं असलं की इंग्रजीत शिरायचे. त्यातलं मला "मदर" कळायचं, आणि त्याच्या पाठोपाठ येणारा "बट" कळायचा. त्या बटच्या पुढे काय असतं, एवढं कळावं म्हणून मी क्लासला नाव घातलं.

क्लास सायकलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. लांबट खोली, रस्त्याकडे तीन खिडक्या, एक पंखा जो फक्त सरांनाच वारा द्यायचा. दाराशी टेबल टाकून सरांची बायको हजेरी घ्यायची. ती कधी बोलली नाही. हजेरीसुद्धा मान वर करून, डोळ्यांनीच घ्यायची. इतकी वर्षं एका उभयान्वयी अव्ययाशी संसार केल्यावर माणसाचं दुसरं काय होणार?

सरांचे नियम दोनच. पहिला, वर्गात मराठी बोलायचं नाही; बोलेल तो तास संपेपर्यंत उभा. दुसरा, प्रत्येकाला एक जोडीदार. एकाने जोडीदाराकडे बघून वाक्य म्हणायचं, त्यात आजचा सांधा आला पाहिजे. सांधा बरोबर बसला की सर टाळी वाजवत आणि ओरडत, "सगळ्यांनी तीनदा म्हणा!" की जोडीदारासकट सगळा वर्ग ते वाक्य तीनदा ठणाणा म्हणणार. अर्थाचं काय, असं एकदा मी विचारलं. मराठीत विचारलं म्हणून उभी राहिले. सर म्हणाले, "अर्थ मागाहून येतो, मिसेस टेलर. आधी जिभेला वळण." वर्गात ते सगळ्यांना धंद्यावरून हाक मारायचे. माझा जोडीदार बसचा ड्रायव्हर होता, मिस्टर बस. तो महिनाभर "आय ड्राइव्ह बस अँड आय ड्राइव्ह बस" याच्या पुढे सरकला नाही, पण सांधा बरोबर होता, म्हणून आम्ही ते तीनदा म्हणायचो.

आता खऱ्या गोष्टीवर येते. माझ्या दुकानासमोर एक लाँड्री आहे. नवरा-बायको दोघं चालवतात, म्हणजे बायको चालवते आणि नवरा पुढे उभा असतो. लाँड्रीवाले भाऊ म्हणजे दिलखुलास माणूस. गिऱ्हाईक पायरीवर चढायच्या आत त्यांचा आवाज त्याला घेऊन येतो. "कधी मिळेल?" असं कुणी विचारायचा अवकाश, की भाऊ म्हणालेच, "उद्या!" कोट असो, गालिचा असो, शाईत बुडवून काढलेला सदरा असो. उचलली जीभ लावली टाळ्याला. मग तो "उद्या" आत जायचा, जिथे वाफेत वहिनी उभ्या असायच्या. त्या डागावर आधी बोट फिरवायच्या, वास घ्यायच्या, मग बाटली निवडायच्या. कोटाची बटणं चांदीच्या कागदात गुंडाळून ठेवायच्या, मशीनमध्ये घासू नयेत म्हणून. कॉलरला नंबराची पट्टी टाचायच्या. भाऊंचा "उद्या" पुरा करायला त्या किती वेळ उभ्या राहतात, हे मला समोरून दिसायचं. भाऊंना दिसायचं नाही, कारण भाऊंची पाठ तिकडे असायची.

त्या दोघांनीही माझ्याच क्लासला नाव घातलं होतं. पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना ओळख करून द्यायला सांगितली. भाऊ उठले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत ठोकून दिलं: मुलगा परदेशात आहे, त्याने आम्हाला कायमचं बोलावलंय, व्हिसासाठी दोघांना इंग्रजीत मुलाखत द्यायचीय, दुकान विकायला काढलंय, केकवाल्याशी सौदाही ठरलाय. "माय वाइफ," ते वहिनींकडे न बघता म्हणाले, "व्हेरी हॅपी."

मी वहिनींकडे बघितलं. हातातल्या रुमालाची त्या घडी घालत होत्या. घालून झाली की उलगडत होत्या आणि पुन्हा घालत होत्या. दुकान विकल्याचं त्यांनाही आम्हा सगळ्यांबरोबरच कळलं, हे ओळखायला इंग्रजी लागत नव्हतं.

खाली उतरताना मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"दुकान दोघांच्या नावावर आहे, कागदावर माझी पण सही लागेल," त्या म्हणाल्या. "तेव्हा कळलंच असतं की, ताई."

"आणि तुम्ही करणार सही?"

"ते बोट दाखवतात, मी करते. आजवर तसंच झालंय." मग शेवटच्या पायरीवर म्हणाल्या, "मुलाच्या घरी मशीन आहे. टाकले की वाळूनच बाहेर येतात. मी तिथे काय करू?" हे त्यांनी मला सांगितलं. भाऊंना सांगायचं, तर तोंडात मूग.

मला राग आला. भाऊंचा आलाच, पण वहिनींचा जास्त आला. बाईच्या जातीने एवढं गप्प बसू नये, असं मला वाटतं. माझ्या सुनेला मात्र उलट वाटतं.

नवरा-बायको म्हणून सरांनी त्यांची जोडी लावली. घरी सराव होईल, असा त्यांचा हिशोब. घरी होत असलेला सराव एकतर्फी होता, हे त्यांना कोण सांगणार?

पहिला सांधा अँडचा. भाऊंनी "आय गो टू शॉप अँड आय कम होम" असं काहीतरी म्हटलं. मग वहिनी उठल्या. आवाज इतका बारीक, की सरांना कानाला हात लावावा लागला.

"आय वॉश," वहिनी म्हणाल्या, "अँड यू टॉक."

मी धुते आणि तुम्ही बोलता. सरांनी टाळी वाजवली. "फर्स्ट क्लास! सगळ्यांनी तीनदा म्हणा!" आणि आम्ही सगळे भाऊंकडे तोंड करून ओरडलो: आय वॉश अँड यू टॉक, आय वॉश अँड यू टॉक, आय वॉश अँड यू टॉक. भाऊसुद्धा ओरडले. शेवटचा "टॉक" म्हणताना त्यांना काहीतरी खटकलं असावं, पण मग ते हसले. बायकोने विनोद केला, असं त्यांनी धरलं. बायको विनोद करते, याचंही त्यांना कौतुक वाटलं.

मला वाटतं, वहिनींना त्या दिवशी चव लागली. आपल्याकडे नवऱ्याशी भांडायचं तर "अहो" म्हणून सुरुवात करावी लागते, आणि एकदा "अहो" म्हटलं की अर्धं भांडण तिथेच मऊ पडतं. इंग्रजीत नुसता यू. सरही यू, नवराही यू, दारावर आलेला भंगारवालाही यू. त्यात वर्गात नवऱ्याने मराठीत उलट उत्तर द्यायला बंदी. एवढी सोय कुठल्या माहेरी होते?

बटच्या दिवशी वहिनी इंग्रजीत म्हणाल्या, तुमच्यासाठी सांधा सोडून बाकी मराठीत सांगते, "हे दुकान मी शोधलं, बट पाटीवर नाव तुमचं लागलं." सर म्हणाले, "वा, काय सांधा!" आम्ही तीनदा म्हटलं. खिडक्या उघड्या होत्या. खाली सायकलवाला पंप मारायचा थांबला.

बिकॉजच्या दिवशी त्या म्हणाल्या, "माझे पाय दुखतात, बिकॉज तुम्ही सगळ्यांना उद्या म्हणता." आम्ही तीनदा म्हटलं. भाऊंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अगं, मला कधी सांगितलंस पाय दुखतात म्हणून?" ते मराठीत ओरडले.

"स्टँड अप, मिस्टर लाँड्री!" सर म्हणाले.

भाऊ उभे राहिले. उत्तर द्यायचं तर इंग्रजीत, आणि इंग्रजी तर भाऊंच्या हातात पहिल्या दिवशी होतं तेवढंच. घरी वही उघडायची, ती वहिनींनी. गिऱ्हाइकाशी तासन्‌तास बोलणारा माणूस तोंड उघडायचा, मिटायचा, आणि शेवटी "आय… आय…" करून गप्प बसायचा. म्हणजे बसायचा नाही, उभाच राहायचा. मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला, आणि तो मी लपवलाही नाही.

ऑल्दोच्या दिवसापर्यंत बातमी पसरली होती. एकही गैरहजर नव्हता. मिस्टर बस तर ड्यूटी बदलून आला. वहिनी उठल्या, आणि आता आवाज शेवटच्या बाकापर्यंत आला: "ऑल्दो मी रोज त्या दुकानात उभी राहिले, विकताना तुम्ही मला विचारलं नाही."

 मला, ड्रायव्हरला, सगळ्यांना कळलं. सरांना मात्र निराळंच कळलं. त्यांचे डोळे भरून आले.

"बघा!" ते गहिवरून म्हणाले. "ऑल्दो आल्यावर बट घातला नाही! लोक घालतात! ऑल्दोपण घालतात आणि बटपण घालतात! एका म्यानात दोन तलवारी! मिसेस लाँड्रीने एकच घातली!" आणि मूठ उगारून, "सगळ्यांनी तीनदा म्हणा!"

आम्ही म्हटलं. त्या दिवशी जरा जोरातच म्हटलं. दाराशी बसलेल्या सरांच्या बायकोचे ओठ हलताना मी पहिल्यांदा बघितले.

तास संपल्यावर भाऊ सरांकडे गेले. मी मुद्दाम चपला शोधत रेंगाळले.

"सर, जोडीदार बदलून द्या."

"बदलून? अहो, तुमची जोडी म्हणजे माझ्या क्लासची शान आहे! रविवारी सकाळी डेमो ठेवलाय. नवीन लोक येणार, पालक येणार. सगळ्यात शेवटी अनलेस. अनलेस भल्याभल्यांना जमत नाही. मी तुमच्या मिसेसना उभं करणार आहे."

"सर, पण ती काय बोलते ते ऐकता का तुम्ही?"

"एकेक अक्षर ऐकतो! एक सांधा चुकलेला नाही!"

पालथ्या घड्यावर पाणी. भाऊ खाली मान घालून जिना उतरले. पण माणूस मुळात वाईट नाही, नुसता बडबड्या. अर्ध्या जिन्यातच त्यांना उभारी आली. डेमोला ते केकवाल्याला बोलावणार होते. त्याच्या मुलीला क्लास लावायचाच होता, बायकोचं इंग्रजी बघून त्याच्यावरही छाप पडेल, आणि सोमवारी कागदावर सह्या. हे सगळं त्यांनी मला रस्ता ओलांडता ओलांडता सांगितलं.

"आणि वहिनी सही करतील?" मी विचारलं.

"तिला काय विचारायचंय?" भाऊ म्हणाले. खरंच तसं म्हणाले. इतके तास उभं राहूनसुद्धा.

रविवारी खोली भरून गेली. सरांनी टाय घातला होता. केकवाला पुढच्या रांगेत मुलीला घेऊन बसला होता, गुबगुबीत, हसरा माणूस. दुकानाच्या कुठल्या भिंतीशी भट्टी लावायची, हे तो भाऊंच्या कानात सांगत होता. सरांनी अँडपासून सुरुवात केली. मिस्टर बसने आपलं वाक्य म्हटलं, टाळ्या मिळवल्या. मीही एक बट मारला, सुनेवरचा. तो इथे सांगत नाही, ती वाचते.

शेवटी सर घसा खाकरून म्हणाले, "आणि आता, अनलेस!" म्हणजे काय ते त्यांनी नवीन लोकांसाठी मराठीत सांगितलं, सरांना मराठी चालायचं. अमुक झाल्याशिवाय तमुक होणार नाही. "हा सांधा नाही, हे कुलूप आहे," ते म्हणाले. "मिसेस लाँड्री!"

वहिनी उठल्या. इस्त्रीची कडक साडी होती. त्या केकवाल्याकडे बघत नव्हत्या, सरांकडेही नाही. जोडीदाराकडे बघून बोलायचं असतं, तशा त्या भाऊंकडे बघत होत्या.

"अनलेस यू आस्क मी," त्या सावकाश म्हणाल्या, "आय विल नॉट साइन."

मला विचारल्याशिवाय मी सही करणार नाही.

सरांनी टाळी वाजवली. एकट्यांचीच वाजली. "परफेक्ट! अनलेसच्या घरात नॉट शिरू दिला नाही! सगळ्यांनी तीनदा म्हणा!"

आणि आम्ही म्हटलं. जुने म्हणाले, नवे म्हणाले, पालक म्हणाले. केकवाल्याच्या मुलीनेही म्हटलं. केकवालाही पहिल्यांदा हौसेने म्हणाला, दुसऱ्यांदा हळू, आणि तिसऱ्यांदा नुसता भाऊंकडे बघत राहिला. "यांना विचारलंच नाही?" तो म्हणाला.

भाऊंचा चेहरा धुऊन पिळल्यासारखा झाला. ते खुर्चीला धरून उठले. इतक्या लोकांत त्यांनी बायकोकडे असं सरळ कधी बघितलं नसेल, आणि मला वाटतं, एकांतातही नसेल.  इंग्रजी सापडत नव्हतं. मग त्यांनी नाद सोडला.

"अगं," ते म्हणाले, "दुकान विकायचं का?"

"नो मराठी!" सर कडाडले. "स्टँड अप, मिस्टर लाँड्री!"

"उभाच आहे, सर," भाऊ म्हणाले. नजर वहिनींवरून हलली नाही.

वहिनींच्या हातात रुमाल होता, पण घडी घालणं थांबलं होतं. इतक्या वर्षांचा प्रश्न एकदाचा आला होता आणि त्या तो नीट बघून घेत होत्या, डागावर बोट फिरवावं तशा.

"नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, बिकॉज?" सर फळ्यापाशी खडू उगारून उभे. "नाही, अनलेस? सेंटेन्स पुरं करा, मिसेस लाँड्री! सांधा कुठाय?"

"एवढंच आहे, सर," वहिनी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

 आणि मग दाराकडून आवाज आला. बारीक, खरखरीत, न वापरलेल्या कुलपासारखा. सरांची बायको टेबलामागे उठून उभी राहिली होती.

"सगळ्यांनी तीनदा म्हणा," ती म्हणाली.

सवयीचे गुलाम आम्ही! एका दमात ओरडलो: नाही! नाही! नाही! सायकलवाल्याने खालून वर बघितलं. सर खडू धरून तसेच उभे. महिनाभर त्यांनी आम्हाला जोडायला शिकवलं, आणि आम्ही न जोडलेलं एकच वाक्य सगळ्यात चांगलं म्हटलं. ते त्यांना कळलं असेल असं मला वाटत नाही. ते बायकोकडे बघत होते, ती इथे कधीपासून काम करते असं विचारावं तसे.

केकवाला मुलीचा हात धरून निघून गेला. तरी त्या दिवशी चार जणांनी नवीन नावं घातली. चारही बायका होत्या. सर अजून सगळ्यांना सांगतात, डेमोची कमाल.

दुकान विकलं गेलं नाही. मुलाकडे जायचं का, तेही भाऊंनी विचारलं म्हणे, घरी, मराठीत. वहिनी म्हणाल्या, विचार करून सांगते. तो विचार अजून चाललाय आणि मुलगा तिकडून फोनवर फोन करतोय. करू दे. त्याने तरी आईला कुठे विचारलं होतं? मला वहिनींची घाई नाही, आणि त्यांनाही नसावी.

परवा मी सुनेचा लोकरी कोट घेऊन लाँड्रीत गेले होते. बाही आखूड करायची म्हणून मला दिला होता, आणि त्यावर माझ्याच हातून मशीनचं तेल सांडलं होतं. आधीच तिचा "बट" तयार असतो, त्यात ही भर. माझ्या पुढे एक गिऱ्हाईक उभं होतं, भलामोठा पडदा घेऊन, घाईत.

"उद्या मिळेल ना?" त्याने विचारलं.

भाऊंनी तोंड उघडलं. "उ" ओठांवर आलेला मी बघितला. मग त्यांनी तो गिळला, पाठ फिरवली, आणि आत वाफेकडे तोंड करून विचारलं, "अगं, उद्या होईल का?"

"नाही," आतून आवाज आला.

"नाही होणार," भाऊंनी गिऱ्हाइकाला सांगितलं.

"का?"

भाऊंनी खांदे उडवले. "का ते मी नाही विचारत," ते म्हणाले. "होईल का, एवढंच विचारायला शिकलोय अजून."